कापूस पारखणाऱ्याचा घोट

अकोल्यात एका दुपारी आम्ही तिघा मित्रांनी डार्क एल मागवली. कोऱ्या चहासारखी काळी बिअर, वर तपकिरी फेस. पहिल्याच घोटाला दोघांनी तोंडं वाकडी केली. "जळकी लागते," ते म्हणाले. मला ती आवडली होती, तरी मीही मान डोलावली.

शेजारच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ तीच बिअर पीत होते. घोट जिभेवर ठेवून ते अंगठा बोटांवर घासायचे. जन्मभर जिनिंगच्या कारखान्यात कापूस बोटांनी चोळून त्याची प्रत ठरवली होती त्यांनी, हे नंतर कळलं. सवय बोटांत राहिली होती.

"जळकी नाई बाप्पा, भाजलेल्या जवाच्या दाण्याची चव हाये," ते आमच्याकडे वळून म्हणाले. "माल एक नंबर हाये."

"म्हणजे तुम्हाला आवडली?" मी विचारलं.

"नाई. मले गोडसर लागते, मले कडू पायजे. माल चांगला हाये हे पारखीनं समजते. आवडलं का नाई, हे ज्याचं त्यानंच सांगा लागते. तुमाले कशी वाटली?"

मित्र माझ्याकडे बघत होते.

"मला आवडली," मी म्हणालो. कान गरम झाले.

"मंग लाजता काहून?" असं म्हणत त्यांनी आपली उरलेली बाटली माझ्या ग्लासात रिकामी केली.