कातरणीच्या आदल्या दिवशी

शनिवारी सोलापुरात कुत्र्याची वेळ ठरवलीय, असा परदेशातून नुकत्याच पुण्याला परतलेल्या लेकीचा फोन आला आणि माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. वेळ ठरवली म्हणजे केस कापायची. आपण न्हाव्याकडं कधीही जाऊन बाकड्यावर बसतो, कुत्र्याला मात्र आधी नाव नोंदवावं लागतं.

जायच्या आधी काय काय करायचं ते, मी शाळेत पोरांना दटावते तसं, तिनं मलाच दटावून सांगितलं. रोज विंचरायचं, पण वरवर नाही. केस बोटांनी बाजूला करत कातडीपर्यंत जायचं. आधी ब्रश, मग स्टीलचा कंगवा. कंगवा अडला की समजायचं, तिथं गुंता आहे. अंघोळ अजिबात घालायची नाही, ती तेच घालतात. निघायच्या सकाळी फिरवून आणायचं आणि पोटभर खायला द्यायचं नाही.

“आणि आई, गुंता सुटला नाही तर ते मुळापासून मशीन फिरवतात,” ती म्हणाली. “रविवारी मी येतेय. त्याची नीट निगा होत असेल तर राहू दे आजोबांजवळ. नाहीतर मी घेऊन जाते.”

शेवटचं वाक्य ती सहज बोलली. मला ते आठवडाभर टोचत राहिलं.

आजोबा म्हणजे माझे वडील, आबा. जन्म मेंढरांमागं गेला. नजर अंधूक झाली तशी मेंढरं पुतण्याला दिली आणि मी त्यांना तामलवाडीजवळच्या वाडीतून धाराशिवला माझ्या घरी आणलं. मला भाऊ नाही. लेकीच्या घरी राहायचं हे त्यांच्या पिढीला पचत नाही. पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेला बसायचे. चहा दिला की म्हणायचे, “कशाला तरास.” दिवसभरात तेवढंच बोलणं.

मग लेकीला कंपनीनं परदेशी पाठवलं आणि ती आपला कुत्रा आमच्याकडं सोडून गेली. पूडल. अंगभर बारीक कुरळे केस, पांढुरके. आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, बोटं आत घातली आणि म्हणाले, “हे तर कोकरू हाय.” त्या दिवसापासून त्यांना वाचा फुटली. सकाळी त्याला घेऊन कॉलनीमागच्या माळावर जायचं, दुपारी ओट्यावर त्याच्या केसांत हात खुपसून बसायचं, त्याला आपल्या ताटातली भाकरी दुधात कुस्करून घालायची. नवरा परंड्याला नोकरीला, मी शाळेत. घरात बोलायला त्यांना तो मिळाला. तो गेला तर आबा पुन्हा खुर्चीच्या कडेला जाऊन बसणार, हे मला दिसत होतं. म्हणून काहीही झालं तरी कंगवा कातडीपर्यंत गेलाच पाहिजे होता.

खरं सांगायचं तर त्याची निगा कुणी राखलीच नव्हती. माळावरची कुसळं, ओट्यावरची धूळ, आबांचा लाड. कानामागं, काखेत, पट्टा घासतो तिथं गाठी झाल्या होत्या. उत्तरपत्रिका तशाच पडल्या आणि मी रोज संध्याकाळी कंगवा घेऊन बसले. आबा त्याला मांडीवर धरायचे. मी एक गाठ सोडवायची, पुढची दिसली की चिडायची, उठून गॅस बघून यायची, परत बसायची.

“हळू वढ, बाय. जीव हाय त्यो.”

“हळू ओढत बसले तर दिवाळी येईल, आबा.”

“मग यिऊ दे की.”

त्यांना कसली घाई असणार? रविवारचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

गुरुवारपर्यंत पाठ, पोट, पाय मोकळे झाले. कान आणि मांड्या अर्ध्या सुटल्या होत्या. शुक्रवारी शाळेत माझं लक्ष नव्हतं. फळ्यावर एकच गणित दोनदा लिहिलं. घरी धावत आले तर अंगणात कुत्रा ओलाचिंब, आणि आबा त्याला टॉवेलनं खसाखसा घासतायत. बादलीत रिठ्याचा फेस. चेहऱ्यावर असं समाधान, की मला ओरडताही येईना. तरी ओरडले.

“कुणी सांगितलं होतं अंघोळ घालायला?”

“उद्या कातरणी न्हवं?” ते गोंधळून म्हणाले. “आदल्या दिशी मेंढरं वढ्यात धुवून काढायची असत्यात. मळक्या लोकरीला कातर लावत न्हाईत.”

मेंढरांच्या बाबतीत ते सोळा आणे खरं होतं. पण मेंढरं कुणी विंचरत नाही. कुत्र्याचे केस वाळले तसे अर्धवट सुटलेले गुंते आवळत गेले, आणि घासून घासून सुटलेल्या पाठीवरही नवे झाले. संध्याकाळी कंगवा लावला तर दात आत शिरेनात. अंगभर बुरणूस झाला होता, लोकर चोळून चोळून घट्ट बसवलेल्या जाड घोंगडीसारखा. मी कंगवा फेकला. आबांनी तो चाचपून शोधला आणि माझ्या हाताशी ठेवला. मला त्यांचा राग आला आणि राग आल्याची लाजही वाटली.

शनिवारी मीच गाडी चालवत सोलापूरला नेलं. दुकानातल्या मुलीनं केसांत बोटं घालून बघितली आणि मान हलवली. “मॅडम, हे सोडवायचं म्हणजे त्याचे हाल. काढावंच लागेल.” मी गयावया केली. निदान कानांचे ठेवा, शेपटीचे ठेवा. ती शेपटीला कबूल झाली.

आबा बाकावर बसले, मी दारापासून रस्त्यापर्यंत फेऱ्या घालत राहिले. लेकीला काय सांगायचं? ऊन होतं म्हणून कापले? डॉक्टरांनी सांगितलं? एकही थाप टिकेना. मशीनचा आवाज थांबला आणि मुलीनं त्याला बाहेर आणलं. हा आपला कुत्रा, असं मला वाटेना. अर्धाच उरला होता.

“खातो का हा नीट?” तिनं विचारलं. “वजन कमी वाटतंय.”

“खातो की,” मी म्हणाले आणि आबांकडं बघितलं. त्याला खाऊ घालायचे ते. आबा त्याच्या गळ्यातला पट्टा चाचपत होते.

परतीला तो मागच्या सीटवर आबांच्या मांडीवर होता. आरशात मला त्यांचा हात दिसत होता, मानेपासून शेपटीपर्यंत जाणारा, बरगड्यांवर थांबणारा. तामलवाडी मागं पडल्यावर ते बोलले.

“हे वाळलंय. लई दिसांपासनं वाळतंय.”

“लोकरीखाली दिसलंच नाही, आबा.”

“तुला दिसलं न्हाय. माझ्या हाताला कळत व्हतं.” ते थांबले. “भाकरी हुंगायचं आन् तशीच ठिवायचं. पोरीचा आवाज फोनवर आला की दाराकडं पळायचं. म्या बोललो न्हाय. बोललो असतो तर न्हेलं असतं तिनं.”

रविवारचं मी आठवडाभर लपवत होते, ते त्यांनी पहिल्याच दिवशी फोनवर ऐकलं होतं.

“लाव तिला फोन,” ते म्हणाले. “उद्या येतीया तर म्हणावं, घेऊन जा ह्याला.”

मी गाडी बाजूला घेतली, फोन लावला. रिंग वाजत असताना मागं वळून विचारलं, “तुम्हाला करमेल का त्याच्याशिवाय?”

“मला तुझ्याकडं कवा करमलं व्हतं, बाय?”

ते रागानं बोलले नाहीत. कुत्र्याच्या उघड्या पाठीवर त्यांनी आपल्या उपरण्याचं टोक पांघरलं. तेवढ्यात लेकीनं फोन उचलला आणि विचारलं, “झाली का कटिंग?” मी फोन आबांच्या हातात दिला.