कबरीवरचा बूट

शेजारी दिवाळीची पुताई सुरू झाली की ओल्या चुन्याचा वास घरभर येतो आणि मला छावणीजवळचं कब्रस्तान आठवतं. मुलगा दारूने गेला त्या वर्षी, सगळ्या कबरींवर मेणबत्त्या लावतात त्या दिवशी, मी आणि सून त्याच्या कबरीला चुना लावत होतो. पाद्रीसाहेब प्रार्थनेला आले. सुनेने मेणबत्ती हातात धरूनच हळू विचारलं, "पाद्रीजी, ये वहाँ जल रहे हैं क्या?" पाद्री म्हणाले, पश्चात्ताप न करता गेला, म्हणजे नरकाची आग, आणि ती कायमची, तसं लिहिलंय. माझे दीरही तिथे आले होते, ते दुसऱ्या चर्चचे. ते म्हणाले, "कायमची कुठून? पापी जळून राख होतो आणि संपतो. तेही लिहिलंय." शेजारच्या कबरीपाशी आलेली कॅथलिक बाई म्हणाली, "आप लोग रहने दो. दुआ करते रहो तो शुद्ध होकर छूट जाता है." मग तिघांची बायबलमधली वचनं सुरू झाली. सून एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली, मेणबत्ती पेटवायची राहूनच गेली. बोलता बोलता पाद्रींनी बूट ओल्या कबरीवर टेकवला. मी कुंचा खाली टाकला आणि म्हटलं, "आधी पाय काढा. तो कुठे आहे ते मला दिसतंय, तुमच्या बुटाखाली आहे." त्यांनी पाय काढला, पण वाद काही थांबवला नाही. सून त्यानंतर कब्रस्तानात कधी आली नाही. त्या तिघांना मी अजून माफ केलेलं नाही. त्याबद्दल मला कुठे पाठवायचं, ते त्यांनी आपसात ठरवावं.