बोनकोड्याचे बेंजो आप्पा

आमच्या रविवारच्या उपासनेत बेंजो आप्पांचं 'आमेन' प्रार्थनेच्या शेवटी कधीच आलं नाही. पपा डोळे मिटून म्हणायचे, "प्रभू, शिंदेकाकूंच्या गुडघ्याला आराम दे..." की मागून खणखणीत आवाज यायचा, "आमेन!" शिंदेकाकू दचकायच्या, पपा जरा थांबायचे आणि मग प्रार्थना पुढे सरकायची. आमेन शेवटी म्हणतात, असं पपांनी एकदा त्यांना समजावलं. आप्पांनी विचारलं, "गवय्यानं चांगली जागा घेतली, तर वाहवा काय गानं संपल्यावर करायची?"

आप्पा बोनकोडे गावचे आगरी. खरं नाव हरिश्चंद्र, पण उमेदीची सगळी वर्षं लग्नाच्या हळदीत वाजवणाऱ्या बेंजो पार्टीत गेल्यामुळे ते नाव कुणाला आठवतच नसे. त्यांनी बेंजो धरला की म्हाताऱ्यासुद्धा पदर खोचून नाचायला उतरत, असं गावात अजून सांगतात. मी ते आप्पा पाहिले नाहीत. मी पाहिले तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. हळदीत वादकांना दारू पाजायची पद्धत; आप्पांना ती हळद नसलेल्या दिवशीही लागू लागली. पार्टीने दुसरा वादक घेतला. पुढे बायको, तारा, आजारी पडली. ती गेली त्या दिवशी आप्पा घणसोलीत कुणाच्या तरी मांडवामागे शुद्ध हरपून पडले होते. मुलगी वैशाली त्यांना शोधत तिथवर गेली, पण त्यांना उठवता आलं नाही. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली. लग्न होऊन खांदेश्वरला गेली आणि आप्पा ओट्यावर एकटे बसून राहिले.

आमची मंडळी मूळची नगरकडची. बोनकोड्याला लागूनच, कोपरखैरण्यात एक गाळा भाड्याने घेऊन पपा तिथे उपासना चालवत. पेटीवर मी. एका रविवारी गीत चालू असताना दारात एक माणूस डुलत उभा राहिला. "पोरी," तो म्हणाला, "सूर सोडून कुठं चाललीस?" दारूचा भपकारा पहिल्या रांगेपर्यंत आला. दोघे जण त्याला बाहेर काढायला उठले. तेवढ्यात आईने खुर्ची पुढे सरकवली आणि चहाचा कप हातात दिला. पुढच्या रविवारी तो माणूस परत आला. चहासाठीच आला होता, हे त्याने नंतर स्वतःच सांगितलं.

असे काही रविवार गेले. मग एकदा आईने विचारलं, "आप्पा, तुमच्यासाठी काय मागू?" आप्पा म्हणाले, "माज्यासाठी काय नको. ताराला निरोप द्या, मी नव्हतो म्हनून. 'माफ कर' बोला तिला."

पपा त्यांच्याजवळ जाऊन बसले. "आप्पा, तिला निरोप पोचवणं माझ्या हातात नाही. खोटं कशाला सांगू? पण क्षमा करणारा इथे आहे. त्याला सांगा." आप्पांनी तोंड उघडलं, पण शब्दांऐवजी हुंदकाच आला. इतक्या मोठ्या माणसाला असं रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्या दिवसापासून दारू सुटली, असं मात्र नाही. आप्पा नंतरही घसरले आणि घसरल्याचं रविवारी उभं राहून स्वतःच सांगायचे. म्हणायचे, "मी सुधारलो नाय. पडलो होतो, मना उचलून आनलाय. उचलनारा बोलतो, खाली ठेवनार नाय." हळूहळू घसरणं थांबलं. बाप्तिस्मा घेतला तेव्हा पाण्यातून वर येताच पपांना म्हणाले, "परत बुडवा. मान कोरडी राहिली, तितंच जास्त पाप हाय." काठावरच्या सगळ्यांनी हसून घेतलं. पपांनी त्यांना खरंच परत बुडवलं.

गावातले लोक विचारायचे, "त्यांनी काय दिलं रे तुला?" आप्पा सांगायचे, "चा दिला. आनि बसाया खुर्ची." हात स्थिर झाले तसा माळ्यावरचा बेंजो खाली आला आणि आमच्या गंभीर गीतांना हळदीचा ठेका मिळाला. शिंदेकाकू दुखऱ्या गुडघ्याने ताल धरू लागल्या. पपा कुरकुरले, "आप्पा, ही उपासना आहे, वरात नाही." आप्पा म्हणाले, "वरातच की! प्रभू नवरदेव होऊन येनार हाय, तुमीच बोलता ना?"

एका रविवारी ते मला म्हणाले, "बाय, खांदेश्वरला चल माज्यासंगती. तू असलीस तर ती दार तरी उघडेल." वैशालीने दार उघडलं, पण जाळीचं दार बंदच ठेवलं. "काय पाहिजे?"

"काय नाय. सांगाया आयलोय." आप्पांनी टोपी काढून हातात घेतली. "तुजी आयस मना बोलवत होती आनि मी पिऊन पडलो होतो. पार्टीवाल्यांचा दोष नाय. माजा हाय."

"आता प्रार्थना करून सगळं धुतलं गेलं वाटतं तुमचं?"

"देवानं माफ केलं म्हनून तू करायलाच पायजे, असं नाय बाय. मी मागाया नाय आयलो. कबूल कराया आयलो."

एवढं बोलून ते जिन्याकडे वळले. मीही वळले. मागे कडी वाजली. "उन्हातून आलात," वैशाली म्हणाली. "पाणी तरी पिऊन जा."

त्या दिवशी पाण्यापलीकडे काही झालं नाही. पण नंतर चहा झाला, मग जेवण झालं. शेवटी आप्पांचं यकृत थकलं, तेव्हा वैशालीच त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. "देवानं शरीर जुनंच ठेवलं, आतला मानूस बदलला," असं म्हणत ते तिच्या घरातही सगळ्यांना हसवत राहिले. तिथेच ते गेले.

माती दिल्याच्या दुसऱ्या दिवशी वैशालीने आम्हाला शेवटची सकाळ सांगितली. आप्पा उशाला टेकून बसले होते. डोळे मिटलेले आणि बोटं चादरीवर झरझर फिरत होती. तिने जवळ जाऊन विचारलं, "बाबा, कुठलं गाणं वाजवताय?"

"नवीन हाय," आप्पा डोळे न उघडता म्हणाले. "आताशी बसवाया घेतलाय."