खांबावरचा गमछा

माझ्या हाती एक जुनी प्रोग्रामिंग भाषा आहे. वर्षानुवर्षं लोक ती वापरतात, आणि ती एका वेळी एकच काम करते. तिला एकाच वेळी दोन-तीन कामं करायला शिकवायचं, म्हणजे थ्रेडिंग, हे गेल्या वर्षी माझ्या गळ्यात पडलं. धानोऱ्याजवळच्या आमच्या गावी, घरूनच करत होते, आणि खरं सांगते, रोज भीत होते. तिची ओळन्‌ओळ ‘इथे माझ्याशिवाय कोणी नाही’ या भरवशावर लिहिलेली. एका कामाने हातात घेतलेला आकडा दुसऱ्याने मध्येच बदलला तर?

तोड आमच्या तलावावर सापडली. तलावाचं पाणी सोडायच्या तोंडाला आमच्याकडे तुडूम म्हणतात. पूर्वी एकदा दोघांनी एकमेकांना न सांगता तुडुमाचं एकेक बूच काढलं आणि निम्मे मासे शेतात वाहून गेले. तेव्हापासून रीत पडली. तुडुमावर उतरणाऱ्याने खांबाला गमछा बांधायचा, आणि गमछा आहे तोवर दुसऱ्याने पाण्यात पाय घालायचा नाही. मी भाषेत तेच केलं. एक कुलूप, ते ज्या कामाच्या हाती, बाकीच्यांनी थांबायचं. स्वतःला मोठी शहाणी समजत होते.

एका सकाळी चाचणीचा प्रोग्राम थांबला. चूक नाही, तक्रार नाही, नुसता थांबलेला. बऱ्याच वेळाने कळलं, एक काम अडचण येताच मधूनच बाहेर पडलं होतं. जुन्या ओळींची ती सवयच. कुलूप मात्र त्याच्याच नावावर राहिलं, आणि बाकीची कामं गुमान वाट बघत बसली.

बाबा सकाळीच तुडुमावर गेले होते, अजून आले नव्हते. त्यांचाही गमछा खांबालाच असणार.

मी तलावाकडे पळत गेले. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, चौघे जण जाळी घेऊन बसलेले. खांबाला बाबांचा गमछा.

“काका, बाबा कुठी हायेत?”

“खालीच हायेत. गमछा हाय न.”

“आवाज दिला का?”

“काऊन देऊ? काम करून राह्यले असतीन.”

मी तशीच पाण्यात उतरले. बेशरमाच्या झुडपाआड बाबा होते. हात बुचाच्या भोकात अडकलेला, पाय चिखलात रुतत चाललेले, पाणी हनुवटीला. ते चौघे यायच्या आधीच ओरडून ओरडून त्यांचा आवाज बसला होता. मग ते चौघेही धावले, तेव्हा हात सुटला.

घरी चुलीपाशी बाबा थरथरत बसले. मी त्या चौघांना शिव्या घालत होते.

“त्याह्यले काऊन बोलतं?” बाबा म्हणाले. “गमछा पाहून मीबी बसलोच असतो.”

दुसऱ्या दिवशी मी वर कळवलं, काम तयार नाही. जुन्या ओळी कुठे कुठे मधूनच बाहेर पडतात, ते अजून शोधते आहे. प्रोग्राम क्षणभर जरी थांबला, तरी मी आधी उठून बाबांना हाक मारते.