वाहकाच्या जागेवरचा रुमाल

प्रवास हाच माणसाचा खरा इतिहास आहे. धाराशिवमधल्या एका वाहतूक संग्रहालयाच्या दारावर हे वाक्य संगमरवरात कोरलंय. आम्ही पोचलो तेव्हा त्या दाराला कुलूप होतं.

रखवालदारानं कुलूप काढलं, लाईट नसल्याचं सांगितलं आणि डबा खायला निघून गेला. भर दुपारी आत दिवेलागणीसारखा अंधार होता. निजामाच्या अमलात ही घोड्यांची पागा होती. दगडी कमानी बुटक्या, झरोके उंचावर. आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. दांड्या जमिनीला टेकलेला टांगा घोडा नुकताच कोसळल्यासारखा दिसत होता. पुढं एका मेण्याचा पडदा हलत होता. मी थांबलो, तसा तोही थांबला. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी मी पुन्हा पाऊल टाकलं ते जरा जपूनच.

माझ्यासोबत आत्या होती, पण तिनं यातलं काही पाहिलं नाही. ती आली होती फक्त बस बघायला. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, एसटीत कंडक्टर होते. ईट गावाहून परत येताना, चालत्या गाडीत, आपल्या जागेवर बसल्या बसल्याच ते गेले. घरी आणलं ते चादरीत गुंडाळून. ती जागा आत्यानं कधी पाहिली नव्हती. पेपरात या बसचा फोटो आला तेव्हा बोट ठेवून ती म्हणाली, हीच ती. लाल बस सगळ्या सारख्याच असतात, हे मी तिला सांगितलं नाही. तिला एकदा त्या जागेवर बसायचं होतं, एवढंच.

बस शेवटच्या कमानीखाली होती. पाटीवर ‘ऐतिहासिक बस’ असं लिहिलं होतं, ते बरं झालं, नाहीतर रोजचीच चालू गाडी वाटली असती. चढताना दारानं कण्हल्यासारखा आवाज केला. आत रेक्झिनचा आणि जुन्या घामाचा वास होता. दाराजवळच ‘वाहकासाठी राखीव’ लिहिलेलं बाक होतं आणि त्यावर एक रुमाल होता.

पांढरा, धुतलेला, चार घड्या घातलेला. बाकी सगळ्या बाकांवर बोटभर धूळ होती.

आपल्याकडं खिडकीतून टाकलेल्या रुमालाला सातबाऱ्याइतका मान आहे. बायामाणसं उभ्यानं तुळजापूर गाठतील, पण रुमाल उचलून बसणार नाहीत. आत्याही बसली नाही. रीतीप्रमाणे तिनं विचारलं, “कुणाची हाय का जागा?”

रिकाम्या गाडीत ते बरंच घुमलं. तेवढ्यात कुठूनतरी गार वारा आला आणि रुमालाचं टोक उचललं गेलं.

मी म्हणालो, कुणीतरी विसरलं असेल, तू बस.

“कंडक्टरच्या जागेवर पाशिंजर रुमाल टाकत न्हाय,” आत्या म्हणाली. “टाकला तर कंडक्टरच टाकंल.”

तिनं चष्मा काढून डोळे पुसले. बराच वेळ ती दांडा धरून उभी होती, एसटीत उभं राहतात तशी, जरा पुढं झुकून. गाडी उभी होती, तरी आत्या हलकीशी डोलत होती. मग तिनं वाकून रुमालाचं उडालेलं टोक नीट केलं.

“धरून ठिवा,” ती म्हणाली. आवाजात रागही होता थोडा, नवऱ्यावर असतो तसा. “पर इतक्यात न्हाय येणार मी. धाकटीचं लगीन व्हायचंय.”

आणि ती मागं न बघता उतरली.

रिक्षात बसल्यावर तिला बसमध्येच राहिलेला चष्मा आठवला. मी एकटाच परत गेलो. मेण्याजवळून, खरं सांगायचं तर, धावतच गेलो. वाहकाच्या बाकावर कुणीतरी पाय दुमडून आडवं पडलं होतं, तोंडावर पांढरा रुमाल. त्या क्षणी माझा अविश्वास काही कामाला आला नाही. मग रुमाल घोरला.

चष्मा घेऊन आलो तेव्हा आत्यानं एवढंच विचारलं, “रुमाल हाय न्हवं जागेवर?”

“आहे,” मी म्हणालो.

तिथं रखवालदार दोन आहेत आणि वारा लागेल अशी जागा एकच. सकाळी जो आधी येतो, तो रुमाल टाकतो.