मुंगीचे ड्रायव्हरकाका

जीप जुनी होती, पण ड्रायव्हर ती रोज पहिल्यांदाच हातात मिळाल्यासारखी चालवायचा. खड्डा दिसला की आधी खड्ड्याचा अंदाज घ्यायचा, मग गाडीचा, मग मागे बसलेल्या माणसांचा, आणि मगच चाक पुढे सरकायचं. त्याच्या गाडीत झोपलेलं मूल कधी जागं झालं नाही. एवढी एकच गोष्ट तो चारचौघांत स्वतःबद्दल सांगायचा, आणि सांगताना त्याची मान जराशी ताठ व्हायची. ती ताठ मान आम्ही पाहिली आहे, म्हणून पुढचं सांगताना जड जातं.

गाडी संस्थेची होती. संस्था म्हणजे गावाबाहेरचं एक रिकामं गोदाम. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, भिंतींना छातीपर्यंत निळा रंग आणि त्याच्यावर चुना, कारण निळा तिथेच संपला. ज्यांना बाप नाही अशा पोरांना तिथे शिकवत. बाप वारलेला असो की सोडून गेलेला, चालायचं. पण घरात बाप असला की त्या पोराला तिथे जागा नव्हती. दरवर्षी परदेशातून कुणीतरी तरुण मुलगा नाहीतर मुलगी काही महिने फुकट शिकवायला यायची. शिकवता शिकवता इथलं जगणंही बघायचं, जमिनीवर झोपायचं, कपडे दगडावर धुवायचे, आपली भाषा बोलायची अशी त्यांची हौस. गावाला सुरुवातीला फार हसू यायचं. आपण ज्यातून सुटायला जन्मभर धडपडतो, ते करायला ही माणसं विमानात बसून येतात! पण ती पोरांना जीव लावायची, तेव्हा हसू आपोआप ओसरलं.

त्या वर्षी आली ती एक उंच, हसऱ्या तोंडाची मुलगी. सगळे तिला पाहुणीबाई म्हणू लागले. येताना पुस्तकातून मराठी शिकून आली होती. समोर कुणीही आलं की विचारायच्या आत सांगून टाकायची, "नमस्कार. मी बरी आहे. आपले कुटुंब कसे आहे?" म्हशीमागे चाललेल्या म्हाताऱ्यालाही तिने हेच विचारलं. म्हातारा म्हणाला, "कुटुंब बरं आहे बाई, पण आत्ता ते गवत खातंय." ती हसून हसून रस्त्यातच खाली बसली.

रोज सकाळी ती जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसायची आणि वाटेत दिसेल त्याचं नाव विचारायची. ड्रायव्हर एका हाताने चाक धरून दुसऱ्या हाताने दाखवायचा. बांध. चाक. चिखल. शेपूट. घरी आला की बायकोला सांगायचा, "बाईंना आज 'चिखल' शिकवला."

"मग? आपल्या पोरीला त्यांनी काय शिकवलं?" बायको म्हणाली.

पोरगी मुंगी. सदा काहीतरी तोंडात धरल्यासारखी, काहीतरी उचलून नेत असलेली, म्हणून मुंगी. ती गावातल्या शाळेत जायची, पण तिथले मास्तर महिन्यातून जेमतेम चार वेळा फळ्याकडे तोंड करायचे. ड्रायव्हर गोदामाबाहेर गाडी पुसत उभा राहायचा तेव्हा आतून पोरांचं इंग्रजी गाणं ऐकू यायचं. बाप नसलेली पोरं परदेशी भाषेत गात होती, आणि बाप असलेली त्याची पोर घरी पाटीवर कावळे काढत बसली होती. ते त्याच्या डोक्यातून जाईना.

शेवटी एक दिवस तो संस्थेच्या व्यवस्थापकांकडे गेला. व्यवस्थापक माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत असायचा.

"बसव की वर्गात," ते म्हणाले. "एका पोरीने काय होतंय? पण एक सांभाळ. पाहुण्यांसमोर बाप-लेक म्हणून दिसायचं नाही. उद्या हे बाहेर कळलं तर संस्थेची अब्रू जाईल. तिला सांग, तुला काका म्हणायचं. सगळी पोरं तसंच म्हणतात."

घरी येऊन त्याने हे हसत हसत सांगितलं, नाटकातलं काम मिळाल्यासारखं. मुंगीला गंमतच वाटली.

"बाबा, मी तुम्हाला काका म्हणू?"

"काका नव्हे. ड्रायव्हरकाका."

"ड्रायव्हरकाका, ड्रायव्हरकाका!" ती खोलीभर नाचली.

बायकोने पातेल्यावर झाकण असं आपटलं की नाच थांबला. "जित्या माणसाला मारून शिकवायचं का पोरीला?" ती म्हणाली.

"अगं, थोडे महिने. बाई गेल्या की संपलं."

"जे बोललं जातं ते संपत नसतं," एवढंच बोलून ती चुलीकडे वळली.

दुसऱ्या दिवसापासून बाप आणि लेक एकाच घरातून वेगवेगळे निघू लागले. मुंगी आधी निघायची आणि वळणावर बाकीच्या पोरांत जाऊन उभी राहायची. मागून जीप यायची, थांबायची. ड्रायव्हर खाली उतरून मागचं दार उघडायचा. मुंगी इतरांसारखीच म्हणायची, "नमस्कार, ड्रायव्हरकाका," आणि चढायची. तिची वेणी त्यानेच सकाळी बायकोच्या हातात रिबीन देऊन घालून घेतलेली असायची. ती रिबीन त्याला आरशात दिसायची. हात लावायचा नाही, एवढंच.

पोरगी हुशार निघाली. पाहुणीबाईंच्या तोंडून शब्द बाहेर पडायचा अवकाश, मुंगी तो उचलून न्यायची. बाईंच्या जवळ बसायला तिची आणि दुसऱ्या एका मुलीची चढाओढ लागायची. त्या मुलीला सगळे ठिणगी म्हणायचे. तिचा बाप खाणीत गेलेला होता. तोंडाला फटकळ, कुणालाही काहीही सुनावणारी. पण मुंगीशी तिचं जमलं.

ड्रायव्हरची मान पुन्हा ताठ झाली. आता त्याच्याकडे सांगायला दुसरी गोष्ट होती, फक्त ती कुणाला सांगता येत नव्हती.

एकदा वाटेत पाहुणीबाई म्हणाली, "तुमच्या लोकांत एक गोष्ट मला फार आवडते. प्रत्येक माणूस काका. प्रत्येक बाई मावशी. आमच्याकडे शेजारचा माणूस म्हणजे फक्त शेजारचा माणूस. इथे कोणी परका नाही."

"हो, तसंच आहे इथे," ड्रायव्हर म्हणाला. आरशात मुंगी खिडकीबाहेर बघत होती. त्याने विनाकारण गियर बदलला.

मग तो दिवस आला. बाईंनी प्रत्येक मुलाला उभं राहून आपल्या घराबद्दल सांगायला लावलं, मराठीतच, म्हणजे बाईंनाही शिकता येईल. ड्रायव्हर खिडकीशी काच पुसत होता. एकाने आजीच्या दम्याचं सांगितलं, एकाने शेळीचं. ठिणगीने सांगितलं, "माझा बाप दगडाखाली गेला. आई म्हणते तो भांडकुदळ होता. पण मला खांद्यावर घ्यायचा." आणि खाली बसली.

मग मुंगी उभी राहिली.

"माझे बाबा जीप चालवायचे," ती म्हणाली. "खूप छान चालवायचे. त्यांच्या गाडीत झोपलेलं बाळ कधी उठलं नाही. ते मला पुढे बसवायचे आणि हॉर्न वाजवू द्यायचे. आता कुणी नाही बसवत."

ड्रायव्हरच्या हातातलं फडकं काचेवर तसंच राहिलं. पोरगी खोटं बोलत नव्हती. एकेक शब्द खरा होता. तिने फक्त त्याला कालच्या दिवसात नेऊन ठेवलं होतं. आणि तिथे ठेवायला त्यानेच शिकवलं होतं.

वर्ग सुटल्यावर पाहुणीबाई डोळे पुसत बाहेर आली. सरळ त्याच्याकडेच आली.

"काका, तुम्हाला माहीत आहे? त्या लहान मुलीचे बाबा तुमच्यासारखे ड्रायव्हर होते."

"हं," तो म्हणाला.

"तुम्ही तिच्याशी बोलत नाही. मी पाहिलं आहे. सगळ्या मुलांशी मजा करता, तिच्याशी नाही. तिला गरज आहे. तुम्ही तिच्या बाबांसारखे व्हाल? थोडेसे?"

आता बोलावं, असं त्याच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं. गोदामाच्या दारात व्यवस्थापक उभे होते. आतून मुंगीचं गाणं ऐकू येत होतं.

"बघतो बाई," तो म्हणाला. "जमेल तसं."

तिने त्याचा फडक्याचा ओला हात दोन्ही हातांत धरला आणि आभार मानले. माणसाला शिव्या खाऊन जेवढी लाज वाटत नाही, तेवढी त्या आभारांनी वाटली.

त्या आठवड्यात मुंगीला ताप भरला. बाप उशाशी बसला होता. तापाच्या भरात तिने डोळे किलकिले केले, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काका, पाणी."

बायको पाणी घेऊन उठली होती. ती जागच्या जागी थांबली. काहीतरी बोलली असती तर बरं झालं असतं, असं ड्रायव्हरला वाटलं. त्याने तांब्या तिच्या हातून घेतला, पोरीला पाणी पाजलं आणि मनाशी ठरवलं की बाई जाण्याआधी खरं सांगायचं. मग पोरगी वर्गातून जावो, नाहीतर गाडीची किल्ली हातातून जावो. पण त्या बाईंच्या तोंडावर सांगायचं, आणि मुंगीला त्यांच्यासमोर बाबा म्हणायला लावायचं.

ठरवणं सोपं होतं. ताप उतरला, मुंगी पुन्हा वळणावर उभी राहू लागली आणि ड्रायव्हर रोज उद्यावर ढकलत राहिला. होता होता बाईंचा जायचा दिवस उजाडला.

गोदामासमोर सगळी पोरं जमली. व्यवस्थापकांनी चार शब्द बोलून घेतले. बाई एकेका पोराला जवळ घेत होती. ड्रायव्हरने बॅगा गाडीत ठेवल्या आणि दरवाजा लावायच्या ऐवजी तो मागे फिरला.

"बाई, मला काही सांगायचंय. मी हिचा बाप आहे."

व्यवस्थापकांचा चेहरा उतरला. ड्रायव्हर मुंगीकडे वळला. "मुंगे, सांग बाईंना. मी कोण तुझा?"

मुंगीने त्याच्याकडे पाहिलं, मग व्यवस्थापकांकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. परीक्षा घेतायत, असं तिला वाटलं असणार. एवढे दिवस एकदाही न चुकलेली पोर, ती आता शेवटच्या दिवशी कशी चुकेल?

"ड्रायव्हरकाका," ती स्पष्ट म्हणाली.

"अगं, बाबा म्हण. म्हण ना."

"माझे बाबा नाहीत," मुंगी म्हणाली, आणि बरोबर उत्तर दिल्यासारखी बाईंकडे बघून हसली.

पाहुणीबाईचे डोळे भरून आले. तिने ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "मी म्हटलं आणि तुम्ही खरंच केलं! आजपासून तुम्ही तिचे बाबा. तिला वेळ लागेल. पण तुमचं मन किती मोठं आहे, काका!"

"तसं नाही बाई, मी खराच..."

"हो, हो! खरे बाबा!" ती म्हणाली.

व्यवस्थापकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. पोरं टाळ्या वाजवू लागली. एकटी ठिणगी हात मागे घेऊन उभी होती. टाळ्या संपल्या, आणि ड्रायव्हरकडे तेच वाक्य पुन्हा म्हणायचा धीर उरला नाही. खरं बोलून झालं होतं, आणि त्याचंच बक्षीस त्याच्या खांद्यावर ठेवलेलं होतं.

स्टँडवर निरोप द्यायला मुंगी, ठिणगी आणि अजून काही पोरं गाडीतून आली. बस सुटताना बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला. "तिला जपा, बाबा!"

"जपतो," तो म्हणाला. याहून दुसरं काय म्हणणार?

परतताना पुढची जागा रिकामी होती. त्याने मुंगीला पुढे घेतलं. गाव मागे पडलं, शेतं सुरू झाली. मुंगीने हळूच विचारलं, "गेल्या का बाई?"

"गेल्या."

"मग आता म्हणू का?"

मागे कुजबूज चालली होती, ती बंद झाली. मागे बसलेल्या पोरांपैकी कुणालाच तो शब्द म्हणायला माणूस नव्हतं. त्यांच्या देखत 'म्हण' असं सांगायला ड्रायव्हरची जीभ उचलेना. त्याने गाडी कडेला घेतली आणि बंद केली. समोर बघतच म्हणाला, "पोरांनो, मी हिचा सख्खा बाप आहे. तुम्हाला फसवलं मी."

"माहितीये की आम्हाला," ठिणगी म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही सगळ्यांना हात धरून वर चढवता. हिचा हात धरायला जाता आणि मध्येच सोडता."

"मग बोलला का नाहीत कुणी?"

"बोललो असतो तर हिला काढली असती ना वर्गातून!" ठिणगी म्हणाली, जणू एवढं साधं कळू नये म्हणजे कमाल झाली. "बाप आहे म्हणून काय शिकू नये का तिने?"

ड्रायव्हरने चाकावर कपाळ टेकलं. हॉर्न वाजला. पोरं हसली. तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी तो व्यवस्थापकांना भेटला आणि मुंगीला वर्गातून काढून घेतलं. "तिची जागा तिच्या वयाच्या पोराला द्या, ज्याला खरंच कुणी नाही," एवढंच म्हणाला. किल्ली मात्र त्याच्याकडेच राहिली, कारण तशी गाडी चालवणारा दुसरा माणूस व्यवस्थापकांना मिळणार नव्हता. मुंगी परत गावच्या शाळेत गेली. संध्याकाळी ठिणगी घरी येऊन तिला त्या दिवशीचा धडा सांगते, आणि तिची फटकळ बोलणी खात मुंगी तो गपचूप गिरवते. ड्रायव्हरची बायको दोघींना एकाच ताटात वाढते.

आता नवा पाहुणा आला की ड्रायव्हर बॅग उचलायच्या आधी सांगतो, "ही माझी मुलगी." मुंगी शेजारीच उभी असते. पाहुणा हसून विचारतो, "हे तुझे कोण?"

मुंगी उत्तर देते, अगदी बरोबर. पण त्याच्या आधी एक क्षण थांबते, एवढासा, चुकायला नको म्हणून. तेवढ्या वेळात ड्रायव्हर जमिनीकडे बघत असतो.