नव्या नावाचा दाखला

“संध्याकाळपर्यंत सगळ्या फाइलींत नवं नाव आलं पाहिजे,” प्राचार्य दारातूनच म्हणाले. संक्रांत नुकतीच झाली होती. विद्यापीठाच्या नामांतराचा हुकूम निघाला होता, आणि परभणीच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर चालवणारा मी एकटा.

मशीनमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याची एक फाइल होती. बोनाफाइड असो की पास झाल्याचा दाखला, तिच्यातूनच छापायचा. एकेक उघडून नाव बदलत बसलो असतो तर होळी उजाडली असती. मी स्क्रिप्ट लिहायला घेतली. स्क्रिप्ट म्हणजे काही जादू नव्हे. मशीनला ज्या आज्ञा एकामागून एक द्यायच्या, त्या एका फाइलीत लिहून ठेवायच्या. मग नुसतं तिचं नाव टाइप केलं की मशीन मुकाट्यानं सगळं उरकतं. हजेरी, फी, परीक्षेचे नंबर, माझी रोजची कामं अशीच चालायची. लोकांना वाटायचं, हा नुसता बसून चहा पितो.

“आधी पास झालेल्यांचं काय, सर?” मी विचारलं.

“त्यांना जुनंच नाव. सध्या शिकणाऱ्यांना नवं.”

म्हणजे स्क्रिप्टमध्ये एक अट घालायची. पास झाल्याचं वर्ष बघ. मागचं असेल तर फाइलीला हात लावू नकोस.

तेवढ्यात किसनमामा चहा घेऊन आले. मामा आमचे शिपाई, पेडगावचे. त्यांचा सिद्धार्थ आमच्याकडूनच बी.ए. झालेला. नामांतराच्या मोर्चात लाठ्या खाल्लेला पोरगा. पास झाला, पण दाखला नेला नाही. नवं नाव लागेल तेव्हाच नेईन, म्हणायचा. “अरे, म्हातारा होशील,” असं मी त्याला चिडवायचो. आदल्या पावसाळ्यात तो काविळीनं गेला.

चहा ठेवून मामा तिथंच उभे राहिले.

“सर, आमच्या सिद्धार्थचा बी निघंल का आता?”

त्याचं वर्ष मागचं होतं. मी प्राचार्यांकडे जाऊन विचारलं.

“वाईट वाटतं हो,” ते म्हणाले, “पण एकाला दिला की उद्या रांग लागेल. नियम तो नियम.”

परत आलो. मामा होते तिथंच होते. मी दार लोटलं.

“मामा, वर्षाचा एक आकडा बदलतो. कुणाला पत्ता लागणार नाही.”

त्यांनी वाकून स्क्रीनकडे बघितलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं.

“नगं, सर. त्येनं खऱ्याची वाट बघितली. मी खोटा नेऊन त्येच्या फोटोम्होरं कसा ठिवू?”

“मग जुन्या नावाचा तरी न्या.”

“त्यो तर त्येलाच नगं व्हता.”

मामा ट्रे घेऊन गेले. मी स्क्रिप्ट चालवली. चहा निवायच्या आत काम झालं. एकही चूक नाही.

दुसऱ्या दिवशी मामांनी सगळ्या कॉलेजात नामांतराचे पेढे वाटले. मलाही दिला. तो मी कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला.

सिद्धार्थचा दाखला शेवटपर्यंत कुणी नेला नाही. पुढं पोरांना स्क्रिप्ट शिकवताना मी सांगायचो, मशीनला वर्ष विचारता येतं. त्या वर्षाची कुणी किती वाट पाहिली, हे विचारायची सोय त्यात नाही. ते माणसानं विचारायचं असतं. विचारून आपल्या हातून काही होईलच असं मात्र नाही.